मदत हवी आहे : पॉलिटोपियामध्ये डिफेंडर आक्रमणासाठी कसा वापरावा?

नमस्कार. आम्ही फोंड्यातील काही मित्र ‘द बॅटल ऑफ पॉलिटोपिया’ हा आळीपाळीने चाली करायचा युद्धखेळ ऑनलाइन खेळतो. शहराच्या रक्षणासाठी असलेला डिफेंडर हा सैनिक मी मुद्दाम शत्रूच्या शहराला भिडवून उभा करतो. त्याचे आक्रमण केवळ १ असले, तरी १५ आरोग्य आणि ३ बचाव यांमुळे तो नाइटचा (बलाढ्य घोडेस्वाराचा) घाव सोसूनही टिकतो आणि त्याच्या आडून माझे तिरंदाज दोन घरांवरून मारा करतात. ही मांडणी मला मनापासून आवडते. मात्र तीन घरांवरून मारणारे कॅटपल्ट (दगडफेकीचे यंत्र) आले की डिफेंडरला प्रतिघाताची संधीच मिळत नाही, आणि एका खेळीत एकच घर सरकत असल्याने माघारही जमत नाही. अशा वेळी डोंगराचा आधार घ्यावा, की कॅटपल्टवर आधी रायडर (हलके घोडेस्वार) धाडावेत? अनुभवी खेळाडूंनी कृपया मार्गदर्शन करावे.