लूप फिरवून अॅरेमधली फंक्शनं ‘बोलावणं’: मराठीत नेमकं काय म्हणता तुम्ही?

रविवारी अप्पा बळवंत चौकाजवळ डिप्लोमाच्या मुलांचा पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेचा वर्ग घेतो, बरीचशी मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमातली, दौंड-इंदापूरकडची, आता इथे कॉट बेसिसवर राहणारी. लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारी रचना), अॅरे (यादी), फंक्शन (नाव दिलेलं काम) हे शब्द त्यांना सवयीचे झालेत, प्रश्न तो नाहीये. प्रश्न असा की ‘अॅरेमधल्या प्रत्येक फंक्शनला लूपमधून कॉल करा’ (म्हणजे चालवा) हे वाक्य मराठीत कसं सांगायचं की ऐकताक्षणी डोक्यात शिरेल. खालचा तुकडा बघा. फॉर, इन, प्रिंट आणि आकडे अर्थातच रोमनमध्ये टाइप करायचे, इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत उतरवलंय:

कामं = [बेरीज, वजाबाकी, गुणाकार]
फॉर काम इन कामं:
    प्रिंट(काम(८, २))

१०, ६, १६ येतं, छान. पण वर्गात निम्मी मुलं पहिल्याच ओळीत [बेरीज(८, २), वजाबाकी(८, २)] असं लिहितात आणि मग पायथन म्हणतो ‘इंट ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल’ (आकड्याला कॉल करता येत नाही) आणि सगळी माझ्याकडे बघतात. मी ‘फंक्शन टाका, कॉल करू नका’ म्हणतो, तर ‘सर, टाकलंच की!’ शब्द सुचवा.

*

गणितातून घ्या की. फंक्शनला फल किंवा फलन आहे, दहावीच्या बीजगणितात श्रेढीच्या धड्यात क्रमिका शब्द येतो, तो अॅरेला चालून जाईल. लूपला आवर्तन. म्हणजे ‘फलनांच्या क्रमिकेवर आवर्तन करा’.

*

असं वाक्य हिंजवडीत कुणी म्हटलं तर लोक त्याला आधी पाणी देतील 😄

आमच्याकडे ‘अॅरेवर लूप फिरव आणि फंक्शन मार’ एवढंच. मारणं हे पुण्याचं सर्वोपयोगी क्रियापद आहे, रन मार, कमिट मार, डिबगर मार, लूप मार. त्यात काय मारलं आणि कशाला मारलं हे समोरच्याने समजून घ्यायचं असतं. आणि लूप आमच्या टीममध्ये अर्धे लोक ‘फिरवला’ म्हणतात अर्धे ‘फिरवली’, यावर चहाच्या टपरीवर भांडणं झालीत पण निकाल नाही.

बाय द वे फंक्शनला ‘कार्य’ का नको? मंगल कार्यालयात असतं ते पण फंक्शनच आणि ते पण कार्यच, दोन्ही अर्थ आयते मिळतात.

*

‘कार्य’ घेतलंत तर ‘आमच्या घरी कार्य आहे, सोमवारी येणार नाही’ ही मुलांची आयती सोय होईल, बघा बुवा.

आवर्तनाबद्दल मात्र बोलायचंय. हा शब्द पुस्तकी नाहीये हो. तबला शिकलेल्याला विचारा, तीनतालाचं आवर्तन १६ मात्रांचं, समेवर आलं की पुढचं सुरू. आणि दौंड-इंदापूरची मुलं म्हणताय तर त्यांच्या घरी हा शब्द तुमच्यापेक्षा जास्त ऐकलेला असेल, ‘खडकवासल्यातून उन्हाळी आवर्तन कधी सुटणार’ हे तिकडे दरवर्षीचं बोलणं आहे. दोन्हीकडे आवर्तन म्हणजे एक खेप, सगळी यंत्रणा नव्हे. म्हणून आवर्तन हा लूपच्या एका फेरीला शब्द झाला, अख्ख्या लूपला नाही. रोजच्या बोलण्यात ‘फेरी’ पुरेल, लूपच्या तिसऱ्या फेरीत काय झालं, असं. आणि कधीच न थांबणाऱ्या लूपला ‘फेरा’, चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा आहेच आपल्याकडे, कंट्रोल सी दाबल्याशिवाय सुटका नाही.

*

नामांवर एवढी चर्चा चालली आहे पण मूळ पोस्टमधली मुलं नामांना अडलेलीच नाहीत, ती क्रियापदाला अडली आहेत. ‘टाका’ आणि ‘कॉल करा’ यातला फरक त्यांना ऐकू येत नाहीये, कारण ‘टाका’ हा शब्द कशालाही चालतो.

मी ‘हाक मारणे’ सुचवेन. शाळेचा हजेरीपट आठवा. पटावर नावं असतात. बाई एकेक नाव वाचतात तेव्हा ते पोर ‘हजर’ म्हणतं. अॅरे म्हणजे पट, फंक्शनचं नुसतं नाव म्हणजे पटावरचं नाव, नावापुढचा कंस म्हणजे हाक, आणि जे परत येतं ती ओ. हाकेला ओ देणं हे मराठीत आहेच, रिटर्न व्हॅल्यू समजवायला वेगळं काही शोधायला नको. तुमच्या मुलांनी काय केलं तर पटावर नावाच्या जागी ‘हजर’ लिहून ठेवलं, आता लूप फिरताना बाई हाक कुणाला मारणार? १० ला हाक मारली तर पायथन चिडणारच. आणि ज्या फंक्शनमध्ये रिटर्न नाही ते काम करतं पण ओ देत नाही, म्हणून पायथनमध्ये ‘नन’ (काहीच नाही) हातात येतं.

‘बोलावणे’ मला पटत नाही. बोलावलं की समोरचा आपल्याकडे येतो, इथे उलट आहे, प्रोग्रामच उठून फंक्शनकडे जातो आणि काम झालं की जिथे होता तिथे परत येतो.

दुसरं क्रियापद लागेल ते ‘सोपवणे’. मॅप किंवा फॉरईच ही अॅरेतल्या प्रत्येकावर दिलेलं फंक्शन चालवणारी सोय, त्यांना आपण फंक्शन सोपवतो, हाक ते मारतात, आणि हाक मारताना काय काय द्यायचं ते पण तेच ठरवतात. हे दुर्लक्षिलं की काय होतं याचा नमुना जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेत: [‘१०’, ‘१०’, ‘१०’] या अॅरेच्या मॅपला पार्सइंट (मजकुरातून पूर्णांक काढणारं फंक्शन) सोपवा. १०, १०, १० येईल असं वाटतं. येतं १०, नॅन (‘संख्या नाही’), २. मॅप नुसती व्हॅल्यू देत नाही, शेजारी तिचा इंडेक्स पण सरकवतो, पार्सइंट त्याला संख्येचा पाया समजतो. पहिल्या फेरीत पाया ०, म्हणजे काही सांगितलंच नाही, नेहमीचं दशमान धरलं, १०. दुसऱ्या फेरीत पाया १, असा पाया चालतच नाही, नॅन. तिसऱ्यात पाया २, द्विमानात १० म्हणजे २. ‘मॅपमध्ये पार्सइंट टाकला’ म्हटलं की यातलं काहीच दिसत नाही, ‘सोपवला’ म्हटलं की निदान प्रश्न पडतो की बाबा हाक कोण मारणार आणि काय सांगून मारणार.

*

वा, हे आवडलं. याला जोडून: हाक *कधी* मारली हे पण महत्त्वाचं. लूप फिरवता फिरवता लॅम्डा (बिननावाची छोटी फंक्शनं) बनवून अॅरेत भरले, प्रत्येकाने फक्त आय (लूपचा चालू आकडा) परत द्यायचा, रेंज ३ ची (०, १, २). नंतर दुसऱ्या लूपने हाका मारल्या तर पायथनमध्ये २, २, २. लॅम्डाने आयची किंमत लिहून ठेवलेलीच नसते, हाक आली की तो आय कुठे आहे ते बघायला जातो आणि तोवर पहिला लूप संपून आय २ वर बसलेला असतो. लॅम्डा आय=आय असं लिहिलं की बनवतानाची किंमत पकडली जाते, ०, १, २. जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबल बनवायला व्हार आणि लेट असे शब्द आहेत, हेच व्हार ने केलं तर ३, ३, ३ येतं, लेट घेतला तर प्रत्येक फेरीला नवा आय मिळतो त्यामुळे ०, १, २. लेट २०१५ च्या आवृत्तीत आला, जुना कोड वाचताना हे लक्षात असू द्या.

पायथन ३ चा मॅप तर आणखी वेगळा, सोपवलेल्या फंक्शनला कुणी मागितल्याशिवाय हाकच मारत नाही. मॅप(प्रिंट, यादी) एवढंच लिहून फाइल चालवली तर स्क्रीनवर काही येत नाही. मुलं म्हणणार सर बंद पडलं.

*

पीएचपी या तिसऱ्या भाषेवाला बोलतो. आमच्याकडे हजेरीपट अगदी शब्दशः आहे, अॅरेत फंक्शनची नावं साध्या स्ट्रिंग (मजकूर) म्हणून ठेवायची आणि व्हेरिएबलपुढे कंस दिला की त्या नावाचं फंक्शन चालतं. एको, इससेट यांना असं चालवता येत नाही कारण ती फंक्शनं नाहीतच. ८.१ पासून नावापुढच्या कंसात तीन टिंबं दिली की स्ट्रिंगऐवजी खरं कॉलेबल (हाक मारता येईल असं काही) हातात येतं, ते बरं.

पण एक कळकळीची विनंती, युआरएलमधून आलेलं नाव तसंच उचलून त्याला हाक मारू नका. बाहेरचा माणूस पटावर नसलेलं नाव पुकारेल आणि तुमचा सर्व्हर इमानेइतबारे ओ देईल. परवानगी असलेल्या नावांचा की-व्हॅल्यू अॅरे करायचा, त्यात की सापडली तरच पुढे जायचं. लांबलचक इफ-एल्सची उतरंड पण त्याने जाते. याला मराठीत काय म्हणायचं ते म्हणा, मी ‘पट तपासणे’ म्हणेन आता.

*

व्हेरिएबलला मराठी नावं दिलीत म्हणून सावध करतो. पायथन ३ ला देवनागरी नावं चालतात, पण ‘फेऱ्या’ असं नाव दिलंत आणि कीबोर्डने र नंतर अदृश्य जोडाक्षर-चिन्ह घातलं तर पायथन नाव नाकारतो आणि डोळ्यांना काहीच चूक दिसत नाही. ऱ हे अक्षर सुटं टाइप केलं की अडचण येत नाही. गंमत म्हणजे इंट() ला ‘१०’ ही देवनागरी स्ट्रिंग दिली तर तो निमूट दहा देतो, जावास्क्रिप्टचा पार्सइंट मात्र नॅन.

*

मंडळी, आभार. वर्गाच्या कागदावर असं लिहितोय: ‘अॅरेत फंक्शनांची नावं ठेवा, कंस नको. लूपच्या प्रत्येक फेरीत एका नावाला हाक मारा, कंस हवा. ओ आली तर ती वेगळ्या अॅरेत साठवा.’ मॅपपाशी ‘सोपवा’. फलन आणि क्रमिका राहू दे, ज्यांना स्पर्धा परीक्षा द्यायची ते तिकडे शिकतील.

एकच राहिलं, लूप तो की ती?

*

तो. फेरी ती.