येशूच्या मागे गेलेल्या बायका फक्त स्वयंपाकाला होत्या का?

जालन्याची लेक:
सलाम सगळ्यांना. पुढच्या महिन्यात आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, महिला सभेत मला 15 मिनिटं बोलायचंय. विषय निघाल्यावर एक वडीलधारे म्हणाले, “बारा शिष्य सगळे पुरुष. बायका होत्या त्या रांधायवाढायला.” मला ते फार लागलं. आमच्याकडे कन्व्हेन्शन, म्हणजे मंडळीचा मोठा मेळावा, असला की घरोघर फिरून वर्गणी गोळा करतात बायकाच, पहाटेपासून भाकऱ्या थापतात त्याही बायकाच. त्याला हलकं का समजायचं? बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, 8व्या अध्यायात मग्दालीया मरीया, योहान्ना, सुसान्ना ही नावं आहेत. यांच्याबद्दल नीट सांगेल का कुणी?

अंबाजोगाईचे मास्तर:
ताई, तोच अध्याय सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. या बायका आपल्या पैशाअडक्यातून येशूचा आणि बाराजणांचा खर्च चालवत होत्या, असं तिथं सरळ लिहिलंय. शिष्यांनी जाळी सोडली, जकात नाका सोडला. मग गावोगाव फिरणाऱ्या एवढ्या माणसांचं भागत कशावर होतं?

त्यातही योहान्नाकडे बघा. तिचा नवरा खुजा हा गालीलचा राजा हेरोद याचा कारभारी. ज्या हेरोदानं बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शीर उडवलं, तोच हा हेरोद. अशा घरातली बाई उघडपणे येशूसोबत फिरते, पदरचा पैसा घालते. हे कळलं तर नवऱ्याची नोकरी जाईल, कदाचित जीवही जाईल, हे तिला समजत नव्हतं का? तरी ती मागे हटली नाही. लूक 24 मध्ये रिकाम्या कबरेची बातमी आणणाऱ्यांत तिचं नाव पुन्हा येतं. गालीलहून यरुशलेम शंभर किलोमीटरच्या वर, म्हणजे जालन्याहून बीडला पायी जाण्यासारखं. एवढी वाट त्या चालल्या. क्रूसापाशी त्या होत्या, तेव्हा बहुतेक शिष्य पळाले होते.

बीडकर:
सगळं मान्य. पण बायबलमधल्या 1 तीमथ्य या पत्रातल्या 2:12 चं काय? बाईनं शिकवू नये, असं तिथं लिहिलंय. सभेत कुणीतरी हे विचारणारच.

संभाजीनगरची नर्स:
विचारू द्या की दादा! 1 करिंथ 11:5 मध्ये बायका सभेत प्रार्थना करतात, संदेश देतात हे मंडळ्यांना पत्रं लिहिणारा प्रेषित पौल गृहीतच धरतो. आणि प्रिस्किल्ला? ती आणि तिचा नवरा अक्विल्ला, दोघं तंबू शिवणारे. इफिसात अपुल्लो नावाचा मोठा विद्वान वक्ता आला, त्याला या दोघांनी घरी नेऊन मार्ग अधिक नीट समजावला. प्रेषितांची कृत्ये 18. घरी बसून एका बाईनं पंडिताला शिकवलं, आणि तो शिकला! रोमच्या पत्रात तर पौल तिचं नाव नवऱ्याच्या आधी घेतो. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला फिबी या मंडळीच्या सेविकेची शिफारस आहे. ते पत्र रोमला तिनंच नेलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

पुढचाही एक पुरावा आहे. इ.स. 112 च्या सुमारास बिथुनिया या रोमन प्रांताचा सुभेदार प्लिनी रोमन सम्राट त्राजानला कळवतो, की मंडळीत सेवेचं पद असलेल्या दोन गुलाम बायकांना त्यानं छळ करून प्रश्न विचारले. त्या दोघींची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. मला रात्रपाळीत त्यांची आठवण येते.

जालन्याची लेक:
डोळे भरून आले ताई. मग्दालीयेबद्दलही सांगू का? आमच्याकडे सगळे तिला पापी बाईच म्हणतात.

अंबाजोगाईचे मास्तर:
पापी बाई येते ती लूक 7 मध्ये, येशूचे पाय आसवांनी धुणारी, आणि ती निनावी आहे. तिला मग्दालीया ठरवलं ते पोप ग्रेगरीनं, 591 च्या प्रवचनात. मग्दालीयेबद्दल शुभवर्तमानात आहे ते हे, की तिच्यातून सात भुतं निघाली, आणि उठलेल्या प्रभूनं योहान 20 मध्ये तिलाच निरोप देऊन भावांकडे पाठवलं. पण 15 मिनिटांत हे सगळं बसायचं नाही. यावेळी योहान्ना आणि प्रिस्किल्ला घ्या. मग्दालीयेसाठी पाळकांकडून एक अख्खा रविवार मागून घ्या, आणि तोही उपासनेत, पुरुष बसलेले असताना.