ख्रिसमसच्या सजावटीतले बिल्टमोर: दिवसा पाहावे की संध्याकाळी?

वाटसरू:
नमस्कार. डिसेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनामधील ॲशव्हिल येथे बिल्टमोर इस्टेट हे जुने, महालासारखे घर पाहायला जायचे ठरवत आहे. हाताशी एकच दिवस आहे, आणि दिवसाचे व संध्याकाळच्या मेणबत्तीच्या उजेडातील भेटीचे तिकीट वेगवेगळे असल्यामुळे कोणते काढावे हे ठरत नाही. बाबांना जुन्या वास्तूंची मनापासून ओढ आहे, तर आईचे गुडघे दुखतात. ज्यांनी ही सजावट पाहिली आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निळावंती:
माझे मत संध्याकाळच्या बाजूने आहे, कारण या घराचे नाताळशी नाते त्याच्या पहिल्या दिवसापासूनचे आहे. अमेरिकेतील धनाढ्य व्हँडरबिल्ट घराण्यातले जॉर्ज वॉशिंग्टन व्हँडरबिल्ट यांनी १८८९ मध्ये बांधकाम सुरू केले आणि काही दालने अपुरी असतानाच १८९५ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला आप्तेष्टांना बोलावून घराचे दार उघडले. मेजवानीच्या दालनाचे छत ७० फूट उंच असून तेथे नाताळसाठी ३५ फुटी फ्रेझर फर हा सूचिपर्णी वृक्ष उभा करतात. हे झाड मूळचे याच डोंगररांगांतले. आम्ही त्याच्याजवळ पोहोचलो तेव्हा दिव्यांच्या आधी ओल्या, राळेसारख्या वासानेच लक्ष वेधून घेतले. मान वर करून शेंडा शोधताना माझी मुलगी कितीतरी वेळ एका जागी उभी होती, तिला हलवावेसे मलाही वाटले नाही.

जुनी वास्तू:
निळावंती यांनी लिहिलेले सारे खरे आहे, तरीही आपल्या बाबांसाठी मी दिवसाचेच तिकीट सुचवेन. ग्रंथालयाच्या छतावर पेलेग्रिनी या चित्रकाराचे, व्हेनिसमधील एका राजवाड्यातून आणलेले भव्य चित्र आहे. मंद प्रकाशात ते जवळजवळ हरवून जाते, आणि ते नीट न पाहता परतणे मला तरी फार मोठे नुकसान वाटते. घराचे वास्तुरचनाकार रिचर्ड मॉरिस हंट, तर परिसराची आखणी न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क घडवणाऱ्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांची. झाडीतून वळणे घेत जाणारा रस्ता अगदी शेवटपर्यंत घर दिसू देत नाही, ही त्यांची योजना अंधारात कळणारच नाही. संगीत दालनात जरा थांबा: दुसऱ्या महायुद्धात वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतील मौल्यवान कलाकृती तेथे सुरक्षित ठेवल्या होत्या, तेव्हा ते दालन अपुरेच होते.

आईंच्या बाबतीत मात्र सावध राहा. मुख्य जिन्याला १०२ पायऱ्या आहेत, म्हणून तिकीट काढतानाच लिफ्टविषयी विचारून घ्या.

वाटसरू:
दोघांचेही मनापासून आभार. दिवसाचे तिकीट, पण प्रवेशाची वेळ दुपारी उशिराची घेतली तर? झाड दिव्यांत पाहायची आईची फार इच्छा आहे.

निळावंती:
अवश्य घ्या, माझ्या हट्टापेक्षा ही योजना चांगली आहे. मात्र आधी ग्रंथालय उजेडात पाहून घ्या आणि मेजवानीचे दालन शेवटी ठेवा. डिसेंबरात तेथे साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. त्यामुळे तुम्ही बाहेर पडाल तेव्हा समोरच्या हिरवळीवरील उंच स्प्रूसच्या झाडावर दिवे लागलेले असतील, आणि ते पाहायला आईंना एकही पायरी चढावी लागणार नाही.