माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी बांधायच्या व्हिडिओ गेममधून दुसऱ्याबरोबर खेळायला शिकवता येतं का?

प्रश्न: मुलगा ९ वर्षांचा, ऑटिझम आहे. एकटा छान बांधतो, पण कुणी त्याच्या घराला हात लावला की भडकतो. सुरुवात कशी करावी?

उत्तर १: एकच मूल बोलवा, २० मिनिटं पुरे. नवीन वर्ल्ड (खेळातलं जग) उघडा, त्याचं जुनं अजिबात नको. सेटिंगमध्ये ‘पीसफुल’ ठेवा (राक्षस हल्ला करत नाहीत), ‘कीप इन्व्हेंटरी’ चालू (मेलं तरी सामान जात नाही), टीएनटी म्हणजे स्फोटकं बंद. एकाकडे नमुन्याचं चित्र, दुसऱ्याकडे ठोकळे. चित्रवाल्याने ठेवायचं नाही, फक्त सांगायचं: “लाल, दाराच्या डावीकडे.” बोलल्याशिवाय गाडं हलतच नाही.

उत्तर २: ५ मिनिटांनी चित्रवाला आणि ठोकळेवाला यांची अदलाबदल करा. संपण्याआधी सूचना द्या. अचानक बंद केलं की रडारड ठरलेली. आणि ‘डोळ्यांत बघून बोल’ हा हट्ट सोडा.

उत्तर ३: ऑनलाइन नंतर. स्टुअर्ट डंकन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ऑटक्राफ्टवर (ऑटिझम असलेल्यांसाठीचा माइनक्राफ्ट सर्व्हर) मंजुरीनंतरच प्रवेश मिळतो. गप्पा मात्र इंग्रजीत.