मदत हवी आहे: किमोमुळे आईची शीर सापडत नाही, व्हेन फाइंडरचा उपयोग होतो का?

आईची किमो चालू आहे, प्रत्येक सायकलआधी सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) लागतेच आणि आता शीरच मिळत नाही. डाव्या काखेतल्या गाठी काढल्यात म्हणून तो हात बाद, उजव्याच्या शिरा दोरीसारख्या कडक, सुई टोचली की बाजूला सरकतात. गरम शेक, भरपूर पाणी, २३ गेजची बटरफ्लाय (बारीक, पंखवाली सुई), पंज्याच्या मागची शीर, सगळं करून झालं. सायकली थोड्याच राहिल्यात म्हणून डॉक्टर पोर्ट (त्वचेखाली बसवतात ती मोठ्या शिरेत जाणारी नळी) नको म्हणतात. सोनोग्राफी लावून खोल शीर पकडतात म्हणे, पण ते घरी कोण करणार! इन्फ्रारेडवाला व्हेन फाइंडर वरवरच्या शिरा दाखवतो एवढं कळलं, पण अशा कडक शिरांवर कोणाला खरंच फायदा झालाय का, आणि पुण्यात घरी सॅम्पल घ्यायला येणारे कोण तो घेऊन येतात? आणि बोटातून घेतलेल्या रक्तावर प्लेटलेटचा आकडा भरवशाचा येतो का?