उताऱ्यातला शैवाकाचा प्रश्न: १९२६ का चुकलं?

कोरेगावकर
सीसॅटच्या (स्पर्धा परीक्षेतल्या कल चाचणीच्या) सराव संचातला उतारा आहे. हिमनदी मागे सरली, उघड्या पडलेल्या दगडांवर शैवाक (लायकेन, बुरशी आणि शैवाल मिळून होणारा थर) गोल चकत्यांसारखं वाढलं. मोजणी २०१० ची. सर्वांत मोठ्या चकतीचा व्यास ४२ मिमी, सरासरी २६ मिमी. व्यास वर्षाला ०.५ मिमीने वाढतो, उघड्या दगडावर रुजायला १५ वर्षं लागतात. दगड कधी उघडे पडले? ४२ भागिले ०.५ म्हणजे ८४, म्हणून १९२६ लिहिलं. उत्तरतालिकेत १९११ आहे. आणि २६ चं काय करायचं?

अजिंक्यतारा_पायथा
८४ हे शैवाकाचं वय, विचारलंय दगडाचं. ८४ + १५ = ९९, २०१० मधून वजा केले की १९११. पर्यायात १९२६ मुद्दाम ठेवलेला असतो, घाई करणाऱ्यांसाठी.
२६ ही निव्वळ हूल. सरासरीत मागाहून रुजलेल्या चकत्याही येतात. सर्वांत आधी आलेली तीच सर्वांत मोठी.
आणखी एक जागा बघून ठेवा: उताऱ्यात ‘त्रिज्या ०.५ मिमीने वाढते’ असं असतं तर व्यास वर्षाला १ मिमी. मग ४२ + १५ = ५७, उत्तर १९५३. तो शब्द पेन्सिलीने गोल करायचाच.

मिरजवाला
वरचं गणित बरोबर. पण याच उताऱ्यावर ‘निष्कर्ष कशाने कमकुवत होतो?’ हाही प्रश्न येतो. शेजारच्या दोन चकत्या वाढत वाढत जुळल्या की एकच मोठी दिसते आणि वय फुगतं. म्हणून गोलसर चकत्याच मोजतात. दुसरं, वरून घरंगळलेल्या धोंड्यावर आधीचंच शैवाक असेल तरी वय जास्त निघतं.
वाढीचा दर त्याच भागातल्या, तारीख कोरलेल्या थडग्यांसारख्या दगडांवरून काढतात. त्यामुळे ‘हा दर सर्वत्र लागू आहे’ हा पर्याय डोळे झाकून खोडा. शैवाकावरून वय काढायची ही पद्धत ऑस्ट्रियाच्या रोलांड बेशेलने १९५० च्या सुमारास रुजवली. जास्त करून मोजतात ते ऱ्हायझोकार्पन जिओग्राफिकम, पिवळट हिरवं, काळ्या कडेचं, नकाशासारखं दिसणारं.

कोरेगावकर
कळलं, १५ सुटले होते. मग सज्जनगडाच्या पायऱ्यांवरचे डाग मोजून वय निघेल का?

अजिंक्यतारा_पायथा
नाही. पायऱ्या पायांनी घासतात, दुरुस्तीत दगड बदलतात, आणि इथल्या पावसात कुठल्या जातीचा दर काय, हे आधी ठरवावं लागेल. गोड्या मसाल्यातलं दगडफूलही शैवाकच, पण ते पानासारखं कडेने सुटं असतं. मोजायला दगडाला खपलीसारखं चिकटलेलं लागतं. पेपरात मात्र हे काही आणू नका, उताऱ्यात असेल तेवढंच.