गोल्फ कोर्सच्या नवीन ग्रीनवरचं (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरचं) गवत पिवळं पडतंय, वाळूत खत कसं द्यायचं?

ग्रीन_पुणेकर:
नमस्कार मंडळी, पुण्याजवळ ९ होलच्या एका गोल्फ कोर्सचं मेंटेनन्स माझ्याकडे आहे. दोन ग्रीन नवीन केलेत, खाली खडीचा थर, वर फूटभर धुतलेली वाळू आणि त्यात थोडं कोकोपीट. मेअखेरीस टिफड्वार्फच्या (ग्रीनसाठीची बुटकी हरळी) कांड्या पसरून दाबल्या, मुळं धरली, फुटवेही आले पण आता वाढ थांबल्यासारखी झालीये, रंग फिकट आणि काही ठिकाणी पानं जांभळट. लावण्याआधी वाळूत खत मिसळलेलं नव्हतं. माळीकाका म्हणतात शेणखताचा थर द्या, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो युरियाची एक गोणी मारा, आठवड्यात हिरवंगार. एक ग्रीन साधारण ५०० चौ. मीटर. काय करू? वरून पाऊसही सुरू झालाय.

वाळू_आणि_हरळी:
दादा आधी ती गोणी बाजूला ठेवा, प्लीज. ४५ किलोच्या गोणीत जवळपास २१ किलो नत्र (नायट्रोजन) असतं आणि तुमच्या एका ग्रीनला कांड्या पसरेपर्यंत आठवड्याला सव्वा किलोच्या आसपास पुरतं, म्हणजे चौ. मीटरला अडीच ग्रॅम. काळ्या मातीत जास्तीचं खत चिकटून राहतं, वाळूत धरून ठेवायला चिकणमातीच नाही त्यामुळे गवताने घेतलं ते घेतलं बाकीचं पावसाबरोबर ड्रेनच्या पाइपात. आणि एकदम एवढं टाकलं तर कोवळी पानं जळतील ते वेगळंच.

मी अमोनियम सल्फेट वापरतो. सव्वा किलो नत्रासाठी साधारण ६ किलो लागतं, ते एकदम न देता आठवड्यात दोनदा ३-३ किलो, पानं कोरडी असताना टाकायचं आणि लगेच हलकं पाणी मारून धुवायचं. युरियाच द्यायचा असेल तर त्याच सव्वा किलो नत्राला पावणेतीन किलो पुरे, पण तोही लगेच पाण्याने आत गेला पाहिजे नाहीतर नत्र हवेत उडतं.

जांभळट रंगाचं म्हणाल तर जूनमध्ये थंडी नाही त्यामुळे मला स्फुरदाचीच (फॉस्फरसची) कमी वाटते. कोऱ्या वाळूत स्फुरद नसल्यासारखंच, आणि नवी पांढरी मुळी सुटायला तेच लागतं. लागवडीआधी वरच्या ३-४ इंचात सुपर फॉस्फेट मिसळलं असतं तर बरं झालं असतं, आता १२:६१ (पाण्यात विरघळणारं नत्र-स्फुरदाचं खत) फवारा, ग्रीनला २ किलोपर्यंत, आठवड्यातून एकदा, असं दोन-तीन आठवडे. द्राक्षबागवाल्यांच्या दुकानात सहज मिळतं. वाळूची टेस्ट मात्र करून घ्याच.

बागवान_नाशिक:
शेणखत अजिबात नको!! माळीकाकांचा अनुभव मोठा असेल पण तो मातीतला आहे. शेणखताची बारीक माती वाळूच्या फटीत बसते, वर एक थर तयार होतो आणि पाणी ग्रीनवरच थांबतं, मग ज्या निचऱ्यासाठी एवढा खर्च केला तो गेला, शिवाय तणाचं बी येतं ते उपटत बसा.

वरच्या उत्तरात पालाश (पोटॅश) राहिलं. तेही नत्रासारखंच वाळूतून वाहून जातं म्हणून ०:०:५० (फक्त पालाशचं विद्राव्य खत) थोडं थोडं देत राहा. वाळूत लोह, मँगनीज पण कमी पडतात. नत्र देऊनही नवीन पानं शिरांमध्ये पिवळी दिसली तर फेरस सल्फेटची हलकी फवारणी करून बघा, फक्त सिमेंटच्या पायवाटेवर उडू देऊ नका, डाग जात नाहीत.

ग्रीन_पुणेकर:
खूप खूप आभार दोघांचे. मुसळधार पाऊस असेल तेव्हा डोस वाढवू का? आणि कापायला कधी घेऊ?

वाळू_आणि_हरळी:
जोराच्या पावसात डोस वाढवू नका, पुढे ढकला. उघडीप मिळाली की द्या. सलग झड लागणार असेल तर हळू सुटणारं दाणेदार खत आधीच देऊन ठेवता येतं, महाग आहे पण वाहून कमी जातं. पावसाळ्यात दमट हवा आणि नत्र जास्त झालं की पिथियम (बुरशीसारखा रोग) येतो, काळपट तेलकट चट्टे दिसले तर नत्र थांबवून आधी बुरशीनाशक.

कापणी म्हणाल तर कांड्या हाताने ओढून उपटत नसतील तर हलका रोलर फिरवून १२ मिमीला सुरू करा, ब्लेड धारदार पाहिजे, कापल्याने गवत आडवं पसरतं म्हणून उगाच वाट बघू नका. दाणेदार खत टाकलंय त्या दिवशी मात्र मोवर नको, दाणे कॅचरमध्ये (कापलेलं गवत गोळा होणाऱ्या डब्यात) जातात. ग्रीन पूर्ण झाकला की नत्र निम्म्यावर आणा, नाहीतर थॅच (गवताच्या बुडाशी मेलेल्या कांड्या-मुळांचा थर) साचायला लागतो.

बागवान_नाशिक:
आणि आधी एकाच ग्रीनवर १२:६१ मारा, दुसरा तसाच ठेवा. आठ-दहा दिवसांत जांभळटपणा गेला की नाही ते फोटोसकट इथेच टाका.